'समावेशन' की 'धरणं'? आणि 'वकीलीण' म्हणजे नक्की कोण?

टिळकवाडीची
नमस्कार मंडळी. आमच्या बेळगावच्या कोर्टातल्या ज्युनिअर वकिलांनी पुढच्या महिन्यात एक चर्चासत्र ठेवलंय. पत्रक कन्नड, मराठी आणि इंग्रजीत निघणार, मराठी मजकूर माझ्या गळ्यात. विषय असा की वकिलीच्या पेशात डायव्हर्सिटी, इक्विटी आणि इन्क्लुजन कसं वाढेल. मी घाईत 'विविधता, समन्याय व समावेशन' लिहून दिलं. सिनिअरांनी वाचलं आणि हसतच सुटले. "समन्याय? करारपालनाचा दावा घालायलीस काय?" म्हणाले. कायद्याच्या कोशातला शब्द आहे की हा. मग चुकलं कुठं?

जुना_मुन्शी
सिनिअर बरोबर आहेत, आणि कोशही बरोबर आहे. कोर्टातली इक्विटी ही वेगळीच चीज. इंग्लंडात साध्या कायद्याच्या कोर्टात दाद मिळाली नाही की लोक चॅन्सरीकडं, म्हणजे राजाच्या चॅन्सलरच्या कोर्टाकडं, जायचे. तिथं जी तत्त्वं घडली ती इक्विटी, आणि तिला 'समन्याय'. करारपालन, मनाई हुकूम, विश्वस्ताची जबाबदारी हे तिचं घराणं. 'समन्याय मागणाऱ्याचे हात स्वच्छ हवेत' हे वाक्य मी चाळीस वर्षं टाइप केलंय. तुमच्या पत्रकातल्या इक्विटीचा त्या घराण्याशी संबंध नाही. तिथं 'समता' लिहा आणि मोकळ्या व्हा.

निपाणी_नाका
मुन्शीजी, एवढ्यावर मोकळं होता येत नाही. 'समता' आणि 'समानता' रोजच्या बोलण्यात आपण एकच धरतो. संविधानाच्या मराठी उद्देशिकेत 'दर्जाची व संधीची समानता' आहे. 'समता' शब्दाला चळवळीचा वास आहे, बाबासाहेबांनी १९२८ मध्ये याच नावाचं नियतकालिक काढलं होतं. मग दोन्हींत फरक काय? माझ्या मते तो सनदेच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, फीवरून सांगावा. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टात कलम २४ खाली फी ठरलेली आहे: राज्याच्या बार कौन्सिलला (वकिलांची नोंदणी करणारी संस्था) ६०० आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाला १५०, एकूण ७५० रुपये. अनुसूचित जाती-जमातींसाठी १०० आणि २५, म्हणजे १२५. सगळ्यांना ७५० लावले असते तर ती समानता. कुणाच्या खिशात पिढ्यान् पिढ्या काय होतं हे बघून १२५ केले, ती समता. पुढं काही राज्यांच्या कौन्सिलांनी इतर नावाखाली रकमा चढवत १५ हजारांच्या वर नेल्या. ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कायद्यात आहे तेवढीच फी घ्यायची. गरीब घरातल्या पोरांना हा पेशा दारातच अडवला जातो, आणि हे समानतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असं कोर्टाचं म्हणणं.
अर्थात कोर्टानं शब्द 'समानता'च वापरला, आणि अर्थ मी ज्याला समता म्हणतोय तो. त्यामुळं माझा फरक भाषेत रुजलेला नाही, मी तो लादतोय हे कबूल. तरी पत्रकात 'समता'च ठेवा.

टिळकवाडीची
पटलं. समता. 'विविधते'वर कुणाची हरकत नाही ना?

खानापूरकडचा
विविधतेवर काय चर्चा करायची. आपल्या बार रूममध्ये एका बाकावर कन्नड, मराठी, उर्दू, कोकणी ऐकू येतं. ढिगानं हाय विविधता. पुढचा शब्द घ्या.

दोन_भाषा
पुढचा शब्द इन्क्लुजन, तो कन्नडात छान आहे. 'ओळगोळ्ळुविके'. ओळ म्हणजे आत, कोळ्ळु म्हणजे घेणं. 'समावेशन' मला कापसाचं बोळं चावल्यासारखं लागतं. 'सर्वसमावेशकता' तर एका दमात म्हणून दाखवा. मराठीत 'सामावून घेणं' आहे की, जवळपास कन्नडासारखंच.

टिळकवाडीची
'सामावून घेणं' मलाही आवडतं, पण त्यात एक खोच आहे. घेणारा कुणीतरी आत बसलेला असतो आणि त्याच्या मनाचा मोठेपणा असतो. 'आम्ही तिला सामावून घेतलं' म्हणणारा सिनिअर मी बघितलाय. तिला म्हणजे मला. केस कधी दिली नाही, चार वर्षं फक्त तारखा मागायला उभी केली.

खानापूरकडचा
मग आपला साधा शब्द घ्या की: धरणं. "पंगतीला किती पानं धरलीसा?" "मला धरू नका, माझं झालंय." वाटणीत बहिणीला धरलं काय न्हाई, हा प्रश्न तर आमच्या तालुक्यात निम्म्या दाव्यांचा असतोय. धरणं म्हणजे आधीच हिशेबात घेणं. माणूस दारात आल्यावर सरकून जागा द्यायची, ते सामावणं. पान आधीच मांडलेलं असणं, ते धरणं.

जुना_मुन्शी
वा! कायद्यातही हेच क्रियापद आहे बघा. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टात म्हटलंय की पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही धरायच्या, संदर्भ आडवा येत नसेल तर. १९१६ मध्ये कलकत्त्याला रेजिना गुहा यांनी वकिलीची परवानगी मागितली तेव्हा हाच मुद्दा होता. हायकोर्टानं त्यांना धरलं नाही. १९२१ मध्ये पाटण्यात सुधांशुबाला हाजरांचंही तेच झालं. आपल्या नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ मध्येच ऑक्सफर्डात कायद्याची परीक्षा दिली होती. १९२३ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, तेव्हा कुठं देशभरात बायकांना वकिलीचं दार उघडलं. त्याच १९२३ मध्ये बाबासाहेब मुंबईत वकिलीला उभे राहिले. त्यांच्याकडं सनद होती, पण बॅरिस्टरांना खटले सॉलिसिटरांकडून मिळायचे, आणि जातीमुळं ते काम देईनात.

टिळकवाडीची
मुन्शीजी, यावरून मूळ प्रश्न राहिला तो विचारते. परवा खानापूरकडचे एक आजोबा आले. मी काळा कोट, पांढरा बँड, हातात फाइल अशी टेबलाशी उभी. त्यांनी पिशवीतून सातबारा काढला, माझ्याकडं दिला आणि म्हणाले, "वकीलसाहेबास्नी दे बाय, मी हितं बसतो." मी म्हटलं मीच वकील. आजोबा ओशाळले. उठून उभे राहिले आणि म्हणाले, "बरं झालं वकीलीणबाई भेटल्या." आता 'वकीलीण' म्हणजे मी की माझ्या वकिलाची बायको?

जुना_मुन्शी
माझ्या पिढीत बायकोच. मास्तरीण, डॉक्टरीण, वकीलीण या सगळ्या नवऱ्याच्या हुद्द्यावर बसलेल्या. मास्तरीण पुढं शाळेत शिकवायला लागली आणि शब्दाचा अर्थ बदलला. वकीलीण मागं राहिली, कारण कोर्टात दिसायलाच उशीर झाला. आज 'वकीलबाई', 'वकील मॅडम' चालतं. खरं तर 'वकील' पुरेसा आहे. पेशवाईत हा शब्द दरबारात दुसऱ्याच्या वतीनं बोलणाऱ्या प्रतिनिधीला होता. त्यात लिंग कुठं आलं?

दोन_भाषा
आजोबांना नावं ठेवू नका, ते आदरानंच बोलले. शब्द त्यांच्याकडं तेवढाच होता.

खानापूरकडचा
आजोबांची अडचण दुसरी हाय. ते जबानी मराठीत देणार, कागदावर ती कन्नडात नाहीतर इंग्रजीत उतरणार. अपील गेलं तर कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाड बेंचला, तिथं इंग्रजी. धारवाड २००८ पासून जवळ आलं, २०१३ ला कायम झालं, म्हणून बेंगळूरची खेप वाचली तरी. पण आपण काय बोललो ते कागदात कसं आलंय, हे आजोबांना वाचून दाखवणारा ज्युनिअर पाहिजे, आणि तो मराठी घरातला, नाहीतर कन्नड घरातला पण मराठी येणारा असला तर काम होतं. पत्रकात भाषेलाबी धरा.

टिळकवाडीची
धरते. 'विविधता, समता आणि सगळ्यांना धरणं' असं उपशीर्षक टाकलंय. सिनिअरांनी 'धरणं' खाली लाल रेघ मारून 'हे पोलिसांचं वाटतंय' लिहिलंय. भांडून ठेवलंय सध्या. पत्रक छापायला गेलं की कळवते. येणाऱ्यांनी जेवणासाठी नावं द्या.

जुना_मुन्शी
येतो. पण जेवायला मला धरू नका, शनिवार आहे, उपास.