मदत हवी आहे: ही भीती आहे की शहाणपण?

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात आमची दीड एकर थॉमसन द्राक्षबाग आहे. गेल्या हंगामात ऐन फुलोऱ्यात सलग पाऊस लागला, डाऊनी या बुरशीरोगाने घड कुजले, निम्मा बाग गेला. तेव्हापासून आभाळ भरून आलं की माझ्या पोटात गोळा येतो. रात्री दोनला उठून मोबाइलवर हवामान बघते. सासूबाई म्हणतात, "बघून पाऊस थांबणार आहे का?" खरंय.

आता गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची) तोंडावर आली. सप्टेंबरअखेर छाटली तर माल लवकर येईल, भाव बरा मिळेल, पण पोंग्यात, म्हणजे डोळे फुटत असताना, परतीचा पाऊस गाठू शकतो. ऑक्टोबरच्या मध्यावर छाटली तर तो धोका कमी, पण फेब्रुवारीअखेर सगळ्यांचाच माल एकदम. वहीत हिशोब मांडलाय, तारीख तेवढी कोरी. परवा कात्री घेऊन गेले, एक काडी छाटली, टोकातून पाणी ठिबकायला लागलं आणि तशीच बघत उभी राहिले.

धाकटे दीर म्हणतात, निम्मा आधी, निम्मा नंतर छाटू. मला पटतं, पण हा विवेक की घाबरून काढलेली पळवाट, हेच कळेना. नाशिकच्या टाकळीला जाऊन आले, समर्थांनी 12 वर्षं तप केलं तिथं. दोन तास शांत वाटलं, पिंपळगावपर्यंत येताना परत ढग!

नुकसान सोसून पुन्हा उभे राहिलेले कुणी असाल तर सांगा ना, निर्णय घेताना भीती कशी ओळखली? फवारणीचं वेळापत्रक नको, ते आहे.