मदत हवी आहे: खाऱ्या हवेत टिकणारा घडीचा चाकू

मंडळी, मी देवगडचा. आंब्याची बाग आणि अधूनमधून होडी. खिशात कायम राहील असा घडीचा चाकू हवाय, बजेट हजार-दीड हजार. काम साधंच: सुतळी, नायलॉनची दोरी, पेट्यांची चिकटपट्टी. शहाळ्याला कोयता आहेच.

सध्या डी२ स्टीलचा आहे. धार झकास, टिकतेही. पण डी२ मध्ये गंज रोखणारं क्रोमियम जेमतेम १२ टक्के, त्यातलंही बरंचसं कार्बाइडमध्ये (कार्बनशी जुळून झालेल्या कठीण कणांत) अडकलेलं. म्हणजे पूर्ण स्टेनलेस नव्हेच. होडीवरून आलं की पात्यावर तांबूस ठिपके, आणि बिजागरीत खारं पाणी सुकलं की उघडताना करकर. खोबरेल लावून बघितलं तर चिकटा होऊन वाळू धरतो.

आता १४सी२८एन या स्टेनलेस स्टीलचा घ्यावा म्हणतोय. गंजाला ते ८सीआर१३एमओव्ही या स्वस्त चाकूंतल्या स्टीलपेक्षा बरंच सरस. पण या बजेटात अस्सल मिळतं का, की पात्यावर नुसता शिक्का? लाकडी मूठ नको, पावसाळ्यात फुगते.

कागद कापून दाखवणारे व्हिडिओ पुष्कळ बघितले, त्यातून गंजाचं काही कळत नाही. किनाऱ्यावर राहून एखादा पावसाळा कोणी काढलाय का अशा चाकूबरोबर? आणि बिजागरीत नेमकं कुठलं तेल घालता?