एक सिलिंडर मागे पडतो म्हणून त्याचाच जेट मोठा करायचा? माझा विरोध

घाटवाट (सातारा):
मित्राची राजदूत ३५०, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक बाईक, सध्या माझ्याकडे उभी आहे. एचटी (हाय टॉर्क) मॉडेल, पण मूळचं फार थोडं उरलंय. एअरबॉक्स काढून दोन फोमचे फिल्टर, हातानं बनवलेले एक्सपान्शन चेंबर (टू-स्ट्रोकचे फुगीर सायलेन्सर), ऑइल पंप बंद करून ऑइल थेट टाकीत. आयडलिंगला डावा सिलिंडर मिस मारतो, चार हजारांच्या वर गेली की दोन्ही पकडतात. यवतेश्वरच्या घाटात हळू चढवली की लंगडते. उजवा प्लग छान तपकिरी, डावा पांढरट, म्हणजे मिश्रण लीन: पेट्रोल कमी, हवा जास्त. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी खूण: रेस सोडली तरी आरपीएम पटकन उतरत नाही, वरच लटकून राहतो.

दोन मिस्त्रींना दाखवली. दोघांचं एकच, "डाव्याचा मेन जेट दोन नंबरनं वाढवा, लायनीवर येईल." जेट म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं माप ठरवणारं भोक.

मला हे पटत नाही. एकाच बाजूला अचानक जास्त पेट्रोल लागत असेल, तर त्या बाजूनं कुठून तरी फुकटची हवा आत शिरतेय. ती शोधायची सोडून तिच्यावर पेट्रोल ओतायचं? शिवाय मेन जेटचा अंमल पाऊण ते पूर्ण रेसला. दुखणं आयडलिंगचं आणि औषध पूर्ण रेसचं!

दोनठोके (सांगली):
दादा, पुस्तकी झालं हे. कंपनीनं दोन्हीकडे सारखे जेट दिले ते एअरबॉक्स आणि मूळ सायलेन्सर धरून. ते दोन्ही तुम्ही काढून टाकलंत. आता डाव्या-उजव्या फोमला वारा सारखा लागत नाही, चेंबर हातानं ठोकलेले. मग दोन्ही सिलिंडरची भूक सारखीच असायला हवी, हा हट्ट का? चार सिलिंडरच्या काही जपानी गाड्यांत कंपनीच आतल्या आणि बाहेरच्या सिलिंडरना वेगवेगळे मेन जेट देते. प्लग वाचा, जेट टाका, गाडी पळवा. लीन चालवत बसाल तर पिस्टनला भोक पडेल, मग करा चर्चा.

घाटवाट:
लीन चालवत बसा असं मी म्हणतच नाहीये, गाडी उभी आहे. आणि त्या जपानी गाड्यांत फरक कंपनीनं मोजून ठेवलेला असतो. इथे कुणी काय मोजलंय?

पॉइंटवाला (मिरज):
तुम्ही दोघंही पेट्रोलवरच अडकलात. आधी ठिणगी बघा. या गाडीत दोन पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे स्विच), दोन कंडेन्सर, दोन कॉइल. प्रत्येक सिलिंडरचा संसार वेगळा. पॉइंटची गॅप ०.३ ते ०.४ मिमी आहे का, टायमिंग दोन्ही बाजूंना डायल गेज लावून वेगवेगळं घेतलंय का?

त्याच्याही आधी अदलाबदल. प्लग डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. मग कॉइल. दुखणं बाजू बदलून गेलं तर तो भाग गुन्हेगार, जागेवरच राहिलं तर तो सुटला. एक पैसा खर्च नाही. फक्त एक लक्षात ठेवा, नुसत्या प्लगच्या वायरी बदलू नका. क्रँक १८० अंशाचा आहे (एक पिस्टन वर तेव्हा दुसरा खाली), पिस्टन खाली असताना ठिणगी पडेल आणि गाडी चालूच होणार नाही. कॉइलला येणारी पॉइंटची वायरही सोबत बदलायची. हे न कळून चांगल्या कॉइल भंगारात गेलेल्या पाहिल्यात.

घाटवाट:
प्लग आणि कॉइल बदलून झालेत. दुखणं डावीकडेच. गॅप, टायमिंग दोन्हीकडे सारखं.

प्रियावाला (सातारा):
आपल्या साताऱ्यात प्रिया स्कूटर बनायची तेव्हापासून टू-स्ट्रोक बघतोय. माझं साधं म्हणणं, गाडी मूळ रूपात आणा. एअरबॉक्स बसवा, जुने सायलेन्सर लावा, मग निदान करा. एकदम चार गोष्टी बदलल्यात, दोष कुणाचा ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

दोनठोके:
काका, या गाडीचे चांगल्या अवस्थेतले मूळ सायलेन्सर आणायचे कुठून? मिळाले तरी त्या पैशांत इथे दुसरी गाडी येईल. ज्याला जशी हवी तशी तो सजवतो, त्याला गुन्हा कशाला ठरवायचं.

प्रियावाला:
सजवा की. पण मग बिघडली की रडू नका.

कासपठार:
मला तर ई२० चा (२० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचा) संशय येतो. इथेनॉलमुळे मिश्रण लीन होतं. वर आमची उंचावरची हवा.

घाटवाट:
पेट्रोल एकाच टाकीतून दोन्ही कार्बला जातं, ते एकट्या डाव्यालाच कसं बाधेल? आणि उंचीवर हवा विरळ झाली की मिश्रण रिच होतं, लीन नाही. तेही दोन्हीकडे. हां, इथेनॉलनं जुनं रबर फुगतं नि खराब होतं हे खरं. दोनपैकी एक बूट (कार्ब इंजिनला जोडणारं रबर) आधी गेला असेल, एवढं मानायला तयार आहे.

कुपवाडकर (सांगली):
दोनठोकेंच्या चेंबरच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. आमच्याकडे हातबनावटीची एक जोडी आली होती. बाहेरून जुळी भावंडं. एका तोंडाला बूच मारून लिटरच्या मापानं पाणी भरलं, तर एकात चांगलं पाऊण ग्लास जास्त बसलं. पॉवरबँड (गाडी जोर धरते तो आरपीएमचा पट्टा) जुळणार कसा? पण तो फरक वरच्या आरपीएमला दिसतो. तुमची वर ठीक आहे आणि खाली लंगडते, म्हणजे पाइप नव्हे. मी डाव्या क्रँक सीलवर (क्रँकच्या टोकाशी हवा अडवणारी रबरी कडी) बोट ठेवेन.

का ते सांगतो. उजवा सील क्लचच्या बाजूला. तो गेला तर गिअरचं ऑइल ओढतो, पांढरा धूर, काळा ओला प्लग. डावा सील मॅग्नेटच्या (वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरच्या) बाजूला, तिथे ओढायला ऑइल नाही, कोरडी हवा. म्हणून प्लग पांढरा आणि आरपीएम लटकलेला.

दोनठोके:
सील असेल तर मी गप्प. पण बूटवर कार्ब क्लीनर मारून बघा आधी, आरपीएम हलला की कळेल. त्यासाठी इंजिन कशाला उघडायचं?

पॉइंटवाला:
गरम चेंबरशेजारी कार्ब क्लीनरचा फवारा! विमा उतरवलाय का? प्रेशर टेस्ट करा सरळ.

घाटवाट:
करतो, पण ५-६ पीएसआय दाखवणारा गेज कुठून आणू? पंक्चरवाल्याच्या गेजवर एवढं कमी कळतच नाही.

कुपवाडकर:
बीपी मोजायचं जुनं मशीन घ्या, फुगा आणि गेजवालं. ३०० मिमी पारा म्हणजे साधारण ५.८ पीएसआय. दोन्ही कार्ब उतरवा, एक्झॉस्टची दोन्ही तोंडं सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून घट्ट बंद करा, प्लग जागेवर राहू द्या. हवा बूटकडूनच भरायची. प्लगच्या भोकातून भरली तर रीड (आत येणाऱ्या मिश्रणाच्या एकतर्फी झडपा) मिटतात आणि बूटची गळती कळतच नाही. क्रँकवरचा दोन सिलिंडरमधला सील थोडी हवा सोडतोच, म्हणून दुसराही बूट बुचानं बंद हवा. मग मॅग्नेटचं कव्हर आणि स्टेटर काढून सीलच्या कडेला ब्रशनं साबणाचं पाणी लावा. बुडबुडे कुठे येतात ते इथे टाका, तोवर जेटला हात नको.