मदत हवी आहे: थार्थुएला ऐकायला कुठून सुरुवात करू?

नमस्कार मंडळी,

इथे पाश्चात्त्य संगीत मनापासून ऐकणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारते. १९९० साली रोममध्ये झालेल्या तीन टेनरांच्या (उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकांच्या) मैफलीतलं प्लासिदो दोमिंगोचं 'नो पुएदे सेर' माझं फार आवडतं. ते 'ला ताबेर्नेरा देल पुएर्तो' या थार्थुएलातलं, म्हणजे स्पॅनिश संगीत नाटकातलं, आहे असं कळलं आणि तेव्हापासून हा प्रकार नीट ऐकायचा ध्यास लागलाय.

गद्य संवाद, मग गाणं, पुन्हा संवाद, हा ढाचा आपल्या संगीत नाटकांवर वाढलेल्यांना परका नाही. पण पुढे वाट सापडत नाही. निवडक गाण्यांचे संग्रह लावले की एकामागून एक टेनरची प्रेमगीतं येतात. सुरेख असतात, पण थोड्या वेळाने सगळी एकसारखी वाटू लागतात. म्हणून एक अख्खं नाटक लावलं, तर ध्वनिमुद्रणात संवादच गाळलेले! कोण कोणावर आणि का चिडलंय, पत्ता लागेना. स्पॅनिश मला येत नाही.

पहिलं नाटक कोणतं घेऊ? छोटं की मोठं? जुनी ध्वनिमुद्रणं ऐकावीत की नवी? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद १

ताई, धागा पाहून फार आनंद झाला. आधी ते संग्रह बाजूला ठेवा. थार्थुएलाचा जीव टेनरच्या गाण्यात कमी आणि रस्त्यावरच्या माणसांत जास्त आहे, निदान माझं तरी ठाम मत तसं आहे. पहिलं नाटक 'ला बेर्बेना दे ला पालोमा'च घ्या. संगीत तोमास ब्रेतोनचं, संहिता रिकार्दो दे ला बेगाची, पहिला प्रयोग माद्रिदच्या आपोलो थिएटरात १८९४ साली. एकच अंक, तासाभरात संपतो.

तेव्हा माद्रिदमध्ये तासातासाचे खेळ चालत. एका संध्याकाळी चार वेगवेगळी नाटुकली, प्रत्येकाचं तिकीट वेगळं आणि स्वस्त. आपोलोचा रात्री उशिराचा चौथा खेळ तर विशेष गाजलेला. दिवसभर राबणाऱ्या माणसाला परवडेल अशी ही करमणूक होती, आणि रंगमंचावरही तोच माणूस दिसायचा. या एकअंकी प्रकाराला 'हेनेरो चिको' म्हणतात. तीन अंकी मोठी नाटकं वेगळी.

'बेर्बेना'चा पहिला प्रवेश नीट ऐका. ऑगस्टमधली उकाड्याची रात्र, पालोमाच्या देवीची जत्रा. औषधाच्या दुकानाच्या दाराशी दोन म्हातारे गप्पा मारत बसलेत आणि विषय काय, तर एरंडेल! आता ते गोळ्यांतून देतात, म्हणजे घ्यायला त्रास नाही, विज्ञानाने काय प्रगती केली आहे, असं डॉन हिलारिओन हा औषधवाला कौतुकाने गातो. तिथेच बाजूला हुलिआन नावाचा छापखान्यातला खिळे जुळवणारा तरुण जळतोय, कारण त्याची सुसाना दुसऱ्या कुणाबरोबर तरी जत्रेला निघालीय. हा दुसरा म्हणजे तोच म्हातारा औषधवाला. एरंडेलाच्या गप्पा आणि हुलिआनचं दुःख ब्रेतोनने एकाच प्रवेशात इतकं बेमालूम गुंफलंय की मी दर वेळी थक्क होतो.

पुढे रस्त्यात हुलिआन आणि सुसानाची गाठ पडते. मनिलाची शाल पांघरून कुठे निघालीस, असं तो विचारतो. मिरवायला आणि जत्रा बघायला, नंतर घरी जाऊन झोपायला, असं ती ठसक्यात सुनावते. चाल हाबानेराची, म्हणजे क्यूबाहून आलेल्या डुलत्या नाचाची. भांडण ऐन रंगात आणि ताल मात्र संथ, झुलता. हे एक गाणं शब्द समोर ठेवून तीन-चार वेळा ऐका. थार्थुएला म्हणजे काय ते तिथेच उमगेल.

'नो पुएदे सेर'बद्दल थोडं. पाब्लो सोरोथाबालचं हे नाटक १९३६ साली बार्सेलोनात आलं. बंदरावर दारूचा गुत्ता चालवणारी मारोला आणि तिच्यावर जीव जडलेला खलाशी लेआंद्रो. गावात तिच्याबद्दल नाही नाही ते बोललं जातं, चोरट्या मालात तिचं नाव घेतलं जातं, आणि तो म्हणतो, शक्य नाही, ही बाई चांगली आहे. मैफलीत ते नुसतं प्रेमगीत वाटतं. नाटकात त्यात संशय कालवलेला आहे.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी बराचसा सहमत, पण पहिलं नाटक म्हणून मी 'लुइसा फेर्नान्दा' सुचवेन. फेदेरिको मोरेनो तोर्रोबाचं, १९३२ सालचं. काळ राणी इसाबेल दुसरीची गादी गेली त्या १८६८च्या क्रांतीचा. चाली इतक्या गोड की भाषा न कळताही अडत नाही. छत्र्यांचा माझुर्का (एका नाचाची चाल) ऐकाच. २००६ साली माद्रिदच्या तिआत्रो रेआलमध्ये झालेल्या प्रयोगाची डीव्हीडी आहे, त्यात दोमिंगोने बिदालची बॅरिटोन (टेनरपेक्षा खालच्या पट्टीची) भूमिका केलीय. दोमिंगोचे आईवडील दोघेही थार्थुएलातले गायक होते, नंतर मेक्सिकोत त्यांची स्वतःची मंडळी होती. तुम्हाला तो आवडतोच, तर तिथूनच आत शिरा.

धागालेखिका

दोघांचेही मनापासून आभार! आज रात्रीच 'बेर्बेना' लावते. शब्द कुठे मिळतील? आणि जुन्या-नव्याचं काय?

प्रतिसाद १

शब्दांसाठी स्पेनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह पाहा, जुन्या संहिता तिथे मोफत आहेत. भाषांतराच्या अ‍ॅपमधून काढल्या तर ओबडधोबड अर्थ लागतो, माद्रिदची बोली मात्र त्याला झेपत नाही. त्याहून सोपं म्हणजे आधी पाहा, मग ऐका. माद्रिदमध्ये १८५६ साली खास याच नाट्यप्रकारासाठी उघडलेलं तिआत्रो दे ला थार्थुएला आजही चालू आहे आणि त्यांच्या यूट्यूब वाहिनीवर प्रयोग बघायला मिळतात. डोळ्यांनी एकदा नाटक पाहिलं की संवाद गाळलेलं ध्वनिमुद्रणही छान लागतं.

जुन्यांत आताउल्फो आर्खेंता. हा वाद्यवृंद संचालक १९५८ साली अवघ्या ४४व्या वर्षी गेला, पण त्याआधी त्याने थार्थुएलांची मोठी रांग ध्वनिमुद्रित करून ठेवली. आवाज जुनाट आहे, पण नाचाचा ताल कसा धरावा ते त्याच्याकडून ऐकावं. नव्यांत अन्तोनी रोस-मार्बाने केलेली 'बेर्बेना' घ्या, तीत मारिया बायो आणि दोमिंगो आहेत. ऐकायला स्वच्छ आहे, म्हणून पहिल्यांदा तीच लावा.

त्यानंतर रुपेर्तो चापीची 'ला रेबोल्तोसा', १८९७ सालची. चाळीसारख्या एका वाड्यात मारी-पेपा नावाची मुलगी सगळ्या पुरुषांची झोप उडवते आणि फेलिपे तेवढा तिच्याकडे बघत नाही, म्हणजे बघत नसल्याचं सोंग करतो. दोघांचं युगुलगीत शेवटाकडे येतं. ते सुटं ऐकू नका, आधीची सगळी कुरबुर ऐकून मगच तिथवर या.

प्रतिसाद २

आणि चुएका-बाल्बेर्दे या संगीतकार जोडीची १८८६ची 'ला ग्रान बिआ' विसरू नका. त्यातल्या तीन खिसेकापूंच्या गाण्यावर जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे फिदा होता, १८८८ साली तुरिनमध्ये त्याने ते ऐकलं होतं. 'बेर्बेना' झाली की इथेच लिहा, मग 'दोन्या फ्रान्सिस्किता'कडे वळू. ती मोठी आहे, तिला सुट्टीची दुपार लागेल.