बोन मॅरो दाता म्हणून नाव नोंदवायचंय, घरचे घाबरलेत. सल्ला हवा

तेजू_लिहिते:
वय २६, तब्येत ठणठणीत. रक्तदान नेहमी करते, आता बोन मॅरोच्या रजिस्ट्रीत, म्हणजे दात्यांच्या यादीत, नाव घालायचा विचार आहे. घरी विषय काढला आणि आईने ताटच बाजूला सारलं. "कण्यात सुई खुपसतात, जन्माचं दुखणं लागेल, पुढे लग्न व्हायचंय तुझं." बाबा गप्प, म्हणजे तेही तिच्याच बाजूला. गूगलवर वाचून डोकं भणभणलं. ज्यांनी खरंच दिलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सांगा. दुखतं का? किती दिवस आडवं व्हावं लागतं? आणि आईला काय सांगू?

रानपाखरू:
मी दिलंय. आईंना आधी हे सांगा की कण्याला कुणी हातही लावत नाही. मज्जा (बोन मॅरो) काढायचीच झाली तर कमरेच्या मागच्या हाडातून काढतात, तेही पूर्ण भूल देऊन. पण बहुतेक वेळा तेवढंही करावं लागत नाही, रक्तातूनच मूळ पेशी (रक्त बनवणाऱ्या पेशी) घेतात. माझं तसंच झालं.

आधी चार-पाच दिवस रोज एक इंजेक्शन. त्याने मज्जेतल्या मूळ पेशी वाढून रक्तात उतरतात. ह्या दिवसांत अंग मोडून येतं, फ्लूसारखं. कंबर आणि मांड्या ठणकतात. पॅरासिटामॉलवर निभावतं. मग मशीन. एका हातातून रक्त जातं, मशीन हव्या त्या पेशी ठेवून घेतं, बाकीचं दुसऱ्या हातातून परत येतं. चार-पाच तास लागतात. सुई टोचलेला हात वाकवायचा नाही, आणि नाकाला खाज नेमकी तेव्हाच सुटते. रक्त गोठू नये म्हणून जे औषध घालतात त्याने शरीरातलं कॅल्शियम तात्पुरतं उतरतं, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. लगेच नर्सला सांगायचं, कॅल्शियम देतात. शूरपणा करून गप्प बसू नका. संध्याकाळी घरी. थकवा काही दिवस राहिला, दुखणं त्याआधीच गेलं.

पेशीवाला:
रानपाखरू, छान लिहिलंत. थोडी भर घालतो, लॅबमध्ये हेच काम करतो.

तेजू, आज तुम्ही फक्त गालाच्या आतून स्वॅब देणार आहात. त्यातून एचएलए तपासतात. सहाव्या गुणसूत्रावरच्या जनुकांतून पेशींना मिळालेली ही ओळखपत्रं. ती रुग्णाशी जुळावी लागतात. रक्तगट जुळला नाही तरी चालतं, उलट पुढे रुग्णाचाच रक्तगट बदलून दात्याचा होतो. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळायची शक्यता २५ टक्के, म्हणून बऱ्याच जणांना परक्या माणसाची वाट पाहावी लागते. जगभरात ४ कोटींहून जास्त लोकांनी नोंदणी केली आहे, तरी समान वंशाचे दाते यादीत कमी असले की शोध अडतो. रुग्णाशी जुळलं म्हणून तुम्हाला कधीच फोन येणार नाही ही शक्यता मोठी आहे. आला तर तुमचं तरुण वय कामी येईल, डॉक्टर तरुण दाताच आधी निवडतात.

आणि आईंना शर्ली नोलनबद्दल सांगा. मुलाला दाता मिळेना म्हणून त्या बाईने १९७४ मध्ये लंडनला परक्या दात्यांची पहिली रजिस्ट्री उभी केली. मुलगा १९७९ मध्ये गेला, प्रत्यारोपण न होताच. रजिस्ट्री अजून चालू आहे.

कडूनिंब:
मी जरा कडू बोलणार. नोंदणी करा म्हणून सगळे सांगतील. मी म्हणेन, फोन आला तर खरंच जाल का हे आधी ठरवा.

माझ्या मामेभावाला दाता जुळला होता. घरात पेढे वाटायचेच बाकी. मग समोरच्या माणसाने फोन उचलणं बंद केलं. नशीब की केमो सुरू झाली नव्हती. प्रत्यारोपणाआधी रुग्णाला जबर केमो, कधी रेडिएशनही देऊन त्याची स्वतःची मज्जा मारून टाकतात. त्यानंतर दाता फिरला तर रुग्णाच्या अंगात नवं रक्त बनवणारं काहीच उरत नाही. कायद्याने तुम्हाला कुणी अडवू शकत नाही, शेवटच्या दिवशीही नाही म्हणता येतं. पण म्हणायचंच असेल तर लवकर म्हणा. आज नोंदणी केली नाहीत तर मी नावं ठेवणार नाही. ऐनवेळी पळालात तर ठेवीन.

तेजू_लिहिते:
कडूनिंब, बरं झालं स्पष्ट बोललात. भाऊ आता कसे आहेत? आणि लग्न, बाळंतपण ह्यांचं काय? त्या काळात फोन आला तर?

कडूनिंब:
दुसरा दाता मिळाला. बरा आहे, क्रिकेट बघून शिव्या घालण्याइतका.

पेशीवाला:
गरोदर असताना घेत नाहीत. रजिस्ट्रीला कळवायचं, तेवढ्यापुरतं नाव बाजूला ठेवतात. पुढे मूल होण्याला दानामुळे बाध येत नाही. मज्जा काढली तरी काही आठवड्यांत भरून येते. लग्नानंतर पत्ता किंवा नंबर बदलला तर तो मात्र आठवणीने कळवा. जुळणारा दाता यादीत आहे आणि नंबर बंद, ह्यासारखी चिडचिड दुसरी नाही.

रानपाखरू:
दात्याला खर्च नसतो आणि मोबदलाही नसतो. पेशी कुणाला गेल्या तेही तेव्हा सांगत नाहीत. पैशांची भाषा कुणी केली तर तिथून उठायचं.

तेजू_लिहिते:
आईला मशीनचं वाचून दाखवलं. "म्हणजे रक्तदानच की मोठं," म्हणाली. भुलेवर गाडी अडली आहे. हाडातून की रक्तातून, हे ठरवतं कोण?

पेशीवाला:
मागणी रुग्णाच्या डॉक्टरांची असते. रुग्ण लहान मूल असेल किंवा ॲप्लास्टिक ॲनिमिया (मज्जेत पुरेसं रक्त न बनण्याचा आजार) असेल तर ते बरेचदा हाडातली मज्जाच मागतात. पण तुम्ही भुलेला नाही म्हणालात तर कुणी जबरदस्ती करत नाही, दुसरा मार्ग चालेल का ते बघतात. आणि आधी तुमची पूर्ण तपासणी होते. भूल तुम्हाला झेपणार नाही असं तपासणाऱ्या डॉक्टरांना वाटलं तर तेच थांबवतात. आईंना त्या तपासणीला सोबत घेऊन जा, प्रश्न त्यांनाच विचारू द्या.