मदत हवी आहे: खिद्रापूरच्या स्वर्गमंडपासाठी स्वस्तातली अल्ट्रा-वाइड लेन्स

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे कॅनन २००डी आहे आणि सोबत आलेली १८-५५ किट लेन्स. आजवर तेवढ्यावर भागलं. आता अडलंय ते खिद्रापूरला. सांगलीत राहते, त्यामुळे सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी परत येता येतं आणि तिथल्या कोपेश्वर मंदिराला माझ्या फेऱ्या चालूच असतात. देवळाच्या स्वर्गमंडपात मधल्या गोल शिळेवरून वरचं गवाक्ष (छतातलं गोल, उघडं भोक) आणि भोवतीचे खांब एका फोटोत यावेत एवढंच मागणं आहे. पण १८ मिमीवर गवाक्षाची कडच कापली जाते, खांब तर लांबच. एरवी माणूस चार पावलं मागे सरकतो. इथे वर बघायचं म्हटल्यावर मागे सरकायचं म्हणजे जमिनीत जायचं!

बजेट १५ हजार, फार ताणलं तर १८. नवीन जमणार नाही, सेकंडहँड चालेल. दोन लेन्स डोळ्यासमोर आहेत:

कॅनन १०-१८ एफ ४.५-५.६ आयएस एसटीएम, ओळखीतून ११ हजाराला मिळतेय.
टोकिना ११-१६ एफ २.८, ऑनलाइन जाहिरात दिसली, १८ हजार सांगतोय.

मामेभाऊ लग्नाचे फोटो काढतो. त्याचं म्हणणं, "देवळात अंधार असतो, एफ २.८ शिवाय हात घालू नकोस." एफचा आकडा लहान तितका लेन्समध्ये उजेड जास्त, म्हणतो. मलाही त्रिपुरी पौर्णिमेचा फोटो हवाय. त्या रात्री चंद्र गवाक्षाच्या बरोबर मध्ये येतो, तो क्षण. शिवाय घरी गौरी-गणपतीची आरास छोट्या खोलीत असते, तिथेही वापर होईल.

जाणकारांनी सांगावं, काय घेऊ?

---

सह्यभटक्या

१०-१८ घ्या, डोळे मिटून. २४० ग्रॅम वजन आहे, सॅकमध्ये आहे की नाही कळत नाही. टोकिना ५६० ग्रॅम. हरिश्चंद्रगड चढताना नळीच्या वाटेत हा फरक पाठ सांगते.

---

लग्नघर

ताई, तुमच्या मामेभावाच्या बाजूने बोलणारं कोणीतरी हवं म्हणून लिहितो. आयएस तुमच्या हाताची थरथर थांबवतं, समोरच्या माणसाची हालचाल नाही. वरातीत नाचणारा नवरदेव पाव सेकंदाच्या शटरला आयएस असो नसो, भुतासारखाच येणार. तिथे एफ २.८ लागतंच. त्यामुळे तो चूक बोलत नाहीये, तो त्याच्या धंद्याचं बोलतोय.

---

अपर्चर_आबा

वरचा प्रतिसाद नेमका आहे. आता खिद्रापूरचं बोलू. दगडी खांब नाचत नाहीत.

आधी कोन बघा. वर्तुळ चौकटीत बसवायचं तर फोटोची आखूड बाजू महत्त्वाची, जाहिरातीत लिहितात तो कर्णावरचा कोन नव्हे. २००डीच्या सेन्सरवर १८ मिमीला आखूड बाजूचा कोन साधारण ४५ अंश येतो, १० मिमीला ७३. समजा शिळेवर ठेवलेल्या कॅमेऱ्यापासून गवाक्षाची कड १५ फूट उंच आहे. मग १८ मिमीला त्या उंचीवर साडेबारा फुटांचा पट्टा दिसेल, १० मिमीला बावीस फुटांचा. गवाक्षाचा व्यास १३ फुटांच्या आसपास सांगतात. म्हणजे तुमची कड का कापली जाते ते कळलं, आणि १० वर भोवतीच्या बारा खांबांची वरची अंगं कशी आत येतील तेही. टोकिना ११ पासून सुरू होते. एक मिमी ऐकायला किरकोळ वाटतो, पण तिथे तोच पट्टा वीस फुटांवर येतो. जागा नसलेल्या ठिकाणी हे दोन फूट मोठे आहेत.

आता अंधार. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत ट्रायपॉडला आधी परवानगी लागते, त्यामुळे बहुतेक फोटो हातातच काढावे लागणार. १०-१८ च्या आयएसचा कॅननचा दावा ४ स्टॉपचा आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). तेवढं धरू नका. श्वास रोखून, खांबाला पाठ टेकून १० मिमीवर १/४ सेकंद बऱ्यापैकी धारदार येतो. टोकिनाला आयएस नाही, तिच्यावर १/१५ च्या खाली जाताना धाकधूक. म्हणजे २.८ मुळे जे सव्वा स्टॉप कमावले ते आयएस नसल्यामुळे गेले, वर थोडे आणखी. त्यातून दगडाचं कोरीवकाम कोपऱ्यापर्यंत हवं म्हटल्यावर तुम्ही एफ ८ ला जाणारच. १० मिमीवर एफ ८ ठेवून फोकस पाऊण मीटरच्या आसपास लावला, की हातभर अंतरापासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट. मग २.८ चे पैसे कशाला मोजायचे?

आणि मुळात त्या एका फोटोला तुम्हाला हात किंवा ट्रायपॉड काहीच लागत नाही. कॅमेरा शिळेवर पाठीवर झोपवा, खाली पातळ रुमाल घाला. २००डीचा पडदा बाजूला उघडून फिरतो, तो फिरवून बसल्या जागी चौकट बघा. टायमर २ सेकंद, आयएस बंद. शटर पाच सेकंद ठेवलं तरी हलायला कोण आहे?

---

लग्नघर

आबा, पाठीवर झोपवायची आयडिया लग्नाच्या मांडवात करून बघतो. कोणी तुडवला तर बिल तुम्हाला.

---

कृष्णाकाठची

आबा, शिळेवर कॅमेरा ठेवायचं डोक्यातच आलं नव्हतं! पण चंद्राचं काय? त्याला तरी २.८ लागेल ना?

---

अपर्चर_आबा

चंद्राबद्दल बोलायचं टाळत होतो, तुम्ही हिरमुसाल म्हणून. आता विचारलंतच तर हिशोब देतो.

चंद्र आकाशात अर्धा अंश व्यापतो. १० मिमीच्या लेन्सने त्याची सेन्सरवरची प्रतिमा ०.०९ मिमीच्या आत. तुमच्या ६००० पिक्सेल रुंद फोटोत तो जेमतेम २४ पिक्सेलचा ठिपका. डोळ्याला गवाक्षात चंद्र मोठा वाटतो कारण मन त्याच्यावरच खिळलेलं असतं. लेन्सला मन नाही.

दुसरी अडचण उजेडाची. पौर्णिमेचा चंद्र म्हणजे उन्हात ठेवलेला दगड, त्याला लहान अपर्चरचं काही वाटत नाही. दिव्यांच्या उजेडात खांबांसाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६००, एफ ४.५ आणि पाव सेकंद लागला असं धरा. त्याच सेटिंगवर चंद्राचा डाग दिसण्यासाठी शटर १/८००० हून वेगवान हवं. तुमची बॉडी १/४००० ला थांबते. एका फोटोत दोन्ही येणार नाहीत, ना कॅननने ना टोकिनाने. कॅमेरा शिळेवरून न हलवता दोन वेगळी एक्स्पोजर घ्यायची, एक खांबांचं, दुसरं आयएसओ १०० ला नेऊन चंद्राचं, आणि घरी जोडायची.

आणि तिसरी अडचण, जी कुठल्याच लेन्सने सुटत नाही. कार्तिक पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर येतो तो मध्यरात्रीच्या सुमारास. त्या वेळी शिळेभोवती अख्खा शिरोळ तालुका उभा असतो. तिथे कॅमेरा झोपवून ठेवणं बरं दिसणार नाही. त्या रात्री दर्शन घ्या, हातात धरून लोकांचे दोन-चार फोटो काढा. स्वर्गमंडपाचा फोटो एखाद्या आडवारी, सूर्य उगवून तासभर होण्याच्या आत. उशीर झाला की गवाक्षातलं आभाळ पांढरंफटक आणि खांब काळेठिक्कर. ढगाळ दिवस त्याहून उत्तम.

---

डी७०००_वाला

धागा हायजॅक करतोय, माफी. निकॉनमध्ये अशी स्वस्त कोणती?

---

सह्यभटक्या

@डी७०००_वाला, १०-२० एएफ-पी व्हीआर चांगली आहे, २०१७ ची, पण ती तुमच्या डी७००० वर फोकसच करत नाही. ती घेऊ नका. टोकिना ११-१६ ची पहिली आवृत्ती मात्र तुमच्या बॉडीतल्या मोटरवर चालेल. हीच पहिली आवृत्ती डी३००० किंवा डी५००० मालिकेवर लावली तर हाताने फोकस करावा लागतो. उरलेलं वेगळ्या धाग्यात.

---

पैसे_वाचवा_समिती

मी नेहमीप्रमाणे 'घेऊच नका' म्हणायला आलोय. किट लेन्स १८ वर, कॅमेरा उभा धरून सात-आठ फोटो, प्रत्येकात आधीच्याचा तिसरा हिस्सा यायला हवा. घरी ह्युजिन नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये जोडा. ० रुपये. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअल ठेवा, नाहीतर जोड दिसतात. मोबाइलमध्ये ०.५ वाली लेन्स असेल तर भर दिवसा तीही वाईट नाही.

---

अपर्चर_आबा

समितीचं म्हणणं दूरच्या डोंगराला शंभर टक्के लागू. जवळच्या खांबांना नाही. कॅमेरा फिरवताना लेन्स थोडी जरी सरकली, तरी पुढचा खांब मागच्या खांबावर वेगवेगळ्या जागी येतो आणि जोडताना खांबाचे तुकडे पडतात. वर तोंड करून हाताने हे सांभाळणं महाकठीण. मोबाइलची ०.५ सावलीच्या मंडपात कोरीवकामाचा मेण करते. तरी घेण्याआधी एकदा मोबाइलने तिथे चौकट बघून याच, १० मिमीला काय दिसेल त्याचा अंदाज येईल.

---

अनुस्वार

ताई, लेन्स कुठलीही घ्या, एक गोष्ट सांगते. अल्ट्रा-वाइड लोक 'जास्त मावावं' म्हणून घेतात आणि महिन्याभरात कपाटात ठेवतात. कारण मावतं सगळंच: विजेची तार, चपलांचा ढीग, पाण्याची टाकी, स्वतःच्या पायाचा अंगठा. आणि ज्याच्यासाठी गेलो ते सुपारीएवढं होऊन मागे जातं. ही लेन्स जवळ जाण्यासाठी आहे. १०-१८ ही २२ सेंटीमीटरवर फोकस करते. खिद्रापूरलाच बाहेरच्या बाजूला गजपट्ट आहे ना, त्यातल्या एका हत्तीच्या सोंडेशी कॅमेरा न्या. हत्ती पुढे, सबंध पट्ट मागे पळत जाणारा. ते किट लेन्सने होत नाही.

गौरी-गणपतीलाही तेच. दारातून अख्खी खोली घेऊ नका. नैवेद्याच्या ताटाजवळ खाली बसा, ताट पुढे, गौरी मागे. कॅमेरा गौरींच्या कमरेच्या उंचीवर आणि अगदी सरळ. जरा वर झुकवलात की मखराचे दोन्ही खांब आत कलतात. कुटुंबाचा फोटो काढाल तेव्हा कडेला मुलं उभी करा, मोठ्यांना मध्ये घ्या. कोपऱ्यातलं डोकं लांबट होतं. आमच्या आत्याबाई दोन वर्षं त्या फोटोवरून बोलत होत्या. कॅमेऱ्याचा फ्लॅश उघडू नका, लेन्सची सावली खाली अर्धगोल पडते.

---

सह्यभटक्या

+१. कोकणकड्यावर तर आणखी सावध. या लेन्समधून कडा आहे त्याहून लांब वाटतो, आणि माणूस व्ह्यूफाइंडरला डोळा लावून पाऊल पुढे टाकतो. आधी जागा बघून बसायचं, मगच कॅमेरा डोळ्याला.

पोलरायझर (आभाळ गडद करणारा फिल्टर) घेऊ नका एवढ्यात. इतक्या रुंद आभाळात त्याचा परिणाम सगळीकडे सारखा पडत नाही, मध्येच गडद निळा पट्टा येतो.

---

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार, मामेभावाला धागा पाठवलाय. १०-१८ चं नक्की. रविवारी बघायला जायचंय. लेन्स रत्नागिरीहून येतेय, मालकाने गेली दोन वर्षं वापरली नाही म्हणे. काय काय तपासू?

---

कॅमेरा_दवाखाना

रत्नागिरी आणि दोन वर्षं पडून, हे दोन शब्द एकत्र आले की पहिला संशय फंगस, म्हणजे काचेवरची बुरशी. दुरुस्तीच्या टेबलावर पावसाळ्यानंतर याच लेन्सा येतात.

लेन्स कॅमेऱ्यावरून काढा, दोन्ही झाकणं काढा. मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि पुढून बघा, मग उलट. धुळीचे चार कण असतील तर सोडून द्या, फोटोत दिसत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू किंवा काचेच्या कडेला पांढुरकी साय दिसली तर ११ काय, ५ हजारालाही नको. ही लेन्स उघडून साफ करण्याचा खर्च आणि वेळ परवडत नाही, आणि फंगसने कोटिंग खाल्लं असेल तर साफ करूनही डाग राहतो.

मग बॉडीवर लावा. माउंट (लेन्स बॉडीत अडकते तो मागचा भाग) प्लास्टिकचा आहे, तो तसाच असतो, घाबरू नका. पण त्याचे तीन कान चिरलेले नाहीत ना बघा. आयएस चालू करून शटर अर्धं दाबा, बारीक घरघर ऐकू येईल, ती ठीक. खडखड झाली किंवा चित्र उडी मारायला लागलं तर नको. फोकस रिंग फक्त कॅमेरा चालू असताना काम करते, बंद कॅमेऱ्यावर फिरवून 'बिघडली' म्हणू नका, बरेच जण म्हणतात. शेवटी एखाद्या विटांच्या भिंतीसमोर सरळ उभं राहून १० मिमी, एफ ५.६ वर एक फोटो. चारही कोपरे मोठे करून बघा. सगळे थोडे मऊ असतील तर चालतं, एफ ८ ला सुधारतात. एकच कोपरा खूप मऊ असेल तर लेन्स पडलेली आहे.

घरी आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. चामड्याच्या पाउचमध्ये नको. पुढच्या काचेला ६७ मिमीचं झाकण लागतं, किटचं ५८ चं बसत नाही. मालकाकडे मूळ झाकण नसेल तर तेवढे पैसे कमी करून घ्या.

---

कोल्हापुरी_क्लिक

ताई, ११ म्हणतोय तर ९ पासून सुरू करा की ओ. दोन वर्षं पडून होती हे त्यानंच सांगितलंय न्हवं? आणि खिद्रापूरला जाताना सांगा, नृसिंहवाडीला बासुंदी घेऊन मी पण येतो. तेवढंच तुमचं १० मिमी बघायला मिळंल.