मदत हवी आहे: किनाऱ्याजवळ मध्यरात्रीनंतर तापमान एकाएकी चढते; हा दोष उपकरणाचा की हवेचा गुण?

नमस्कार.

गेल्या शरद ऋतूपासून मी घरामागच्या मोकळ्या जागेत तापमान, सापेक्ष आर्द्रता आणि हवेचा दाब यांची नियमित नोंद ठेवत आहे. ही जागा समुद्रापासून सुमारे ९०० मीटर आत असून मध्ये टेकडी किंवा उंच इमारत नाही. तापमापी आणि आर्द्रतामापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, आखूड गवतावर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर बसवले आहेत आणि दर दहा मिनिटांचे वाचन आपोआप साठवले जाते. वाऱ्यासाठी मात्र एक साधा वातकुक्कुट आहे, त्यामुळे वाऱ्याची दिशा मी जागी असेन तेव्हाच टिपू शकते.

अडचण निरभ्र आणि शांत रात्रींची आहे. सूर्यास्तानंतर तापमान अपेक्षेप्रमाणे उतरत जाते, मध्यरात्रीपर्यंत चांगला गारठा पडतो, आणि मग दोन-तीन वाजण्याच्या सुमारास अर्ध्या तासात ते तीन-चार अंशांनी वर चढते. गेल्या दोन महिन्यांत असे सहा वेळा घडले. त्यांपैकी एका रात्रीचे आकडे देते: दोन वाजता १४ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ९० टक्के, अडीच वाजता १८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के.

माझी समजूत अशी आहे की पाणी तापायला आणि निवायला जमिनीपेक्षा कितीतरी अधिक वेळ घेते, शिवाय लाटांमुळे उष्णता खोलवर मिसळते, म्हणून मध्य अक्षांशांत समुद्राचा पृष्ठभाग वर्षातील सर्वांत मोठा दिवस उलटून दोन-अडीच महिने झाल्यावर सर्वाधिक उबदार होतो. शरदातील रात्री जमीन निवते, समुद्र उबदार राहतो आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. हेच मतलई वारे. असे असेल तर रात्री माझ्याकडे येणारी हवा जमिनीवरची, म्हणजे गार असायला हवी. मग ही ऊब येते कोठून?

पहिला संशय मी उपकरणावरच घेतला. कुटलेला बर्फ आणि ऊर्ध्वपातित पाणी यांच्या मिश्रणात तापमापी धरून पाहिली, तेव्हा वाचन ०.२ अंश आले, म्हणून तापमानावर माझा विश्वास आहे. आर्द्रतामापकाबद्दल तसे म्हणता येत नाही, कारण पेटीच्या झडपांवर पंधरवड्यातच मिठाचा पातळ थर दिसू लागतो आणि तोच थर संवेदकावरही बसत असणार.

आणखी एक लहान शंका आहे. सकाळी दहाच्या सुमारापासून दुपारी चारपर्यंत हवेचा दाब जवळजवळ रोज थोडा उतरतो. हवा बिघडण्याची ती चाहूल समजावी का?

ही वही मला पुढची अनेक वर्षे चालवायची आहे. पहिल्याच वर्षी चुकीची सवय लागली तर नंतरच्या सगळ्या नोंदी त्याच चुकीवर उभ्या राहतील, ही काळजी मनातून जात नाही. हिवाळा सुरू होण्यापूर्वी नोंदीत काय सुधारावे आणि काय वाढवावे, याबद्दल अनुभवी निरीक्षकांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

नमस्कार. आपण बर्फाची चाचणी केली आणि आकडे वेळेसह दिले, त्यामुळे उत्तर देणे पुष्कळ सोपे झाले.

अशा प्रश्नात सापेक्ष आर्द्रता फसवते, कारण हवेतील बाष्प तेवढेच राहिले तरी तापमान चढताच तिची टक्केवारी उतरते. त्याऐवजी प्रत्येक वाचनाचा दवबिंदू, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत निवली असता तिच्यातील बाष्पाचे दव होऊ लागते ते तापमान, काढावा. १४ अंश आणि ९० टक्के यांचा दवबिंदू सुमारे १२.४ अंश येतो, तर १८ अंश आणि ८५ टक्के यांचा सुमारे १५.४ अंश. म्हणजे आर्द्रतेची टक्केवारी घटलेली दिसत असली, तरी अर्ध्या तासात हवेतील बाष्प चांगलेच वाढले. जमिनीवरची तीच हवा जागच्या जागी तापली असती तर असे झाले नसते. ती हटली आणि तिच्या जागी समुद्रावरची हवा आली, असाच याचा अर्थ आहे.

आता समजा अडीच वाजता १८ अंश आणि ७० टक्के अशी नोंद असती, तर दवबिंदू १२.४ वरच राहिला असता आणि कारणही वेगळे ठरले असते. निरभ्र, शांत रात्री जमिनीलगतचा थर सर्वांत गार होतो आणि छपराच्या उंचीवरची हवा त्याहून काही अंश उबदार असू शकते. वाऱ्याची एखादी झुळूक हे थर ढवळून काढते आणि वरची ऊब खाली येते. वरची हवा अधिक कोरडी असेल तर दवबिंदू थोडा उतरतोही. ढग दाटून आल्यानेही रात्री तापमान वाढते, परंतु ती वाढ बहुधा इतकी झटक्याची नसते.

मतलई वारे वाहत असताना समुद्राची हवा आत कशी येते, हा आपला खरा प्रश्न आहे. मतलई वारा दुबळा असतो आणि त्याचा थर उथळ असतो. विस्तृत प्रदेशावरून वाहणारा मोठा वारा समुद्राकडून जोर धरू लागला की तो या थराला मागे रेटतो. जमिनीची गार हवा आणि समुद्राची उबदार हवा यांच्यातील सीमा अशा वेळी किनाऱ्याच्या आसपास पुढे-मागे सरकत राहते, आणि ९०० मीटरचे अंतर अगदी तिच्या टप्प्यात आहे. हीच सीमा समुद्रावर असते तेव्हा तेथील दमट हवा तिच्यावरून वर उचलली जाते. शरदात पहाटे किनाऱ्यावर सर पडून जाते आणि थोडे आत कोरडे असते, त्यामागेही पुष्कळदा हेच कारण असते. त्या सरींची वेळ अवश्य टिपावी.

मिठाबद्दल आपली शंका रास्त आहे. सुमारे ७५ टक्के आर्द्रतेच्या वर खाण्याचे मीठ हवेतील ओलावा शोषून विरघळू लागते, म्हणून मिठाचा थर बसलेला संवेदक दमट हवेत वाचन वाढवून दाखवू शकतो. मिठाच्या याच गुणधर्माचा चाचणीसाठी उपयोग होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात पाण्याने चिखलासारखे भिजवलेले मीठ एका वाटीत ठेवावे, शेजारी संवेदक मिठाला न टेकेल असा ठेवावा आणि डबा एकसारख्या तापमानाच्या खोलीत दिवसभर मिटलेला राहू द्यावा. वाचन ७५ च्या आसपास यायला हवे; जो फरक दिसेल तो तारखेसह वहीत लिहावा. पेटीच्या झडपा साध्या पाण्याने धुवाव्यात.

दाबाचा रोजचा उतार ही चाहूल नव्हे. हवेच्या दाबाला दिवसातून दोनदा भरती-ओहोटी असते: स्थानिक वेळेनुसार सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास दाब अधिक, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. विषुववृत्ताजवळ हा फरक २ ते ३ हेक्टोपास्कल असतो आणि ध्रुवांकडे जाताना घटत जातो. म्हणून आजच्या चारच्या दाबाची तुलना कालच्या चारच्या दाबाशीच करावी.

हिवाळ्यासाठी दोनच गोष्टी सुचवतो. किमान तापमानासोबत त्याची वेळही लिहावी, कारण आपल्या जागी ते पहाटेऐवजी मध्यरात्रीही पडू शकते आणि तेवढ्याने ती नोंद चुकीची ठरत नाही. दुसरे असे की वातकुक्कुटासोबत खालच्या ढगांची दिशाही टिपावी. किनाऱ्यावर जमिनीलगतचा वारा बऱ्याचदा स्थानिकच असतो, मोठा वारा कोणत्या दिशेचा आहे हे ढग सांगतात. समुद्र सर्वांत लहान दिवसानंतरही दोन-अडीच महिने थंड होत राहतो, त्यामुळे हिवाळा सरत येईल तशी ही रात्रीची उडी लहान होत जाते का, हे आपल्या वहीतून पाहायला मिळावे अशी मनापासून इच्छा आहे.

मूळ प्रश्नकर्तीकडून:

आपण इतक्या आस्थेने समजावून सांगितले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. सहाही रात्रींचे दवबिंदू काढले. चार रात्री दवबिंदू दोन अंशांहून अधिक वाढला आहे, एका रात्री तो जवळजवळ स्थिर आहे आणि एका रात्री तापमान तीन अंशांनी चढत असताना तो दीड अंशाने उतरला आहे. मिठाच्या चाचणीत वाचन ७९ आले, म्हणजे माझा आर्द्रतामापक सुमारे चार टक्के अधिक दाखवतो. ती वजावट करून पाहिली तरी वर दिलेल्या रात्रीचा दवबिंदू तीन अंशांनीच वाढतो, कारण दोष दोन्ही वाचनांत सारखाच होता.

दवबिंदू उतरला ती रात्र वरची कोरडी हवा ढवळून खाली आल्याची असावी, की जमिनीकडून कोरडा वारा सुटल्याची, हे ठरवता येत नाही, कारण त्या वेळी मी झोपले होते आणि वाऱ्याची नोंद नाही. वाऱ्याची दिशा आपोआप साठवणारी साधी मांडणी कोणी किनाऱ्याजवळ वापरत असल्यास तिची माहिती कृपया द्यावी, आणि खाऱ्या हवेत तिचे बेअरिंग किती काळ मोकळे फिरते तेही लिहावे.